ओलं डायजेस्टरला, सुकं भट्टीला: शेतातल्या टाकाऊपासून ऊर्जा काढण्याआधीचा हिशेब

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. आठ मोठी जनावरं आहेत, गव्हाचं काड आहे, मक्याची धाटं आणि कपाशीच्या पऱ्हाट्या आहेत, हंगामात नासका भाजीपालाही बराच निघतो. एका विक्रेत्याने सांगितलंय की हे सगळं एकाच टाकीत घाला, त्याचा गॅस होईल, गॅसवर जनरेटर चालेल आणि घर, गोठा, पाच अश्वशक्तीची मोटर या सगळ्यांची वीज त्यातून निघेल. तुम्हाला जाणून घ्यायचंय की कोणत्या प्रकारचा प्लांट घ्यावा, उरलेला गॅस सिलिंडरमध्ये भरता येईल का आणि पहिला गॅस किती दिवसांनी मिळेल.

मी बायोगॅस आणि बायोमास (काड, लाकूड यांसारखं सुकं इंधन) प्लांटची आखणी आणि देखभाल करतो. बायोगॅसच्या हवाबंद टाकीला डायजेस्टर म्हणतात, त्यात हवेशिवाय जगणारे जिवाणू ओला माल पचवून गॅस बनवतात. नवे उभारण्यापेक्षा बंद पडलेले पुन्हा सुरू करण्याची कामं माझ्याकडे जास्त येतात. ते बंद पडण्यामागे यंत्राचा दोष क्वचितच असतो. मालाचा आणि गरजेचा हिशेब न करता यंत्र आधी घेतलेलं असतं, आणि पुढची सगळी दुखणी तिथून सुरू होतात. म्हणून प्लांटचा प्रकार हा प्रश्न मी शेवटी घेतो. त्याआधी तीन गोष्टी कळायला हव्यात: रोज नेमकं काय आणि किती हाताशी येतं, त्यात पाणी किती आहे, आणि ऊर्जा तुम्हाला कोणत्या रूपात, दिवसाच्या कोणत्या वेळी लागते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या प्रश्नात आलेल्या नाहीत. थंडीत तापमान किती उतरतं, जनावरं बांधलेली असतात की दिवसभर चरायला जातात, पाणी बारमाही आहे का, विजेचा दर काय. यातली एखादी गोष्ट बदलली तरी माझं उत्तर बदलेल. खालचे आकडे उबदार हवामान आणि बांधलेली जनावरं धरून दिले आहेत.

शेणापासून सुरुवात करू, कारण ते रोज मिळतं. ताज्या शेणात 80 ते 85 टक्के पाणीच असतं. उरलेल्या कोरड्या भागातही थोडी माती आणि क्षार असतात. जिवाणूंना खाता येईल असा सेंद्रिय भाग ताज्या शेणाच्या साधारण 12 ते 13 टक्के भरतो. या सेंद्रिय भागाच्या एका किलोतून सुमारे 200 लिटर मिथेन, म्हणजे बायोगॅसमधला जळणारा वायू, मिळतो. म्हणजे एक किलो ताज्या शेणातून 25 लिटर मिथेन, आणि बायोगॅसमध्ये मिथेन 60 टक्क्यांच्या आसपास असल्यामुळे 40 लिटर बायोगॅस. व्यवहारात आम्ही 25 किलो शेणाला एक घनमीटर गॅस असं गणित धरतो, ते इथूनच आलेलं आहे.

हे इतकं फोडून सांगण्याला कारण आहे. विक्रेत्यांच्या पत्रकात बरेचदा ‘एका किलोला 300 लिटर’ असा आकडा दिसतो. तो खोटा असतोच असं नाही, पण तो कोरड्या सेंद्रिय पदार्थाच्या किलोचा असतो. वाचणारा तो ताज्या शेणाच्या किलोचा समजतो आणि पुढचा सगळा हिशेब सात-आठ पटींनी फुगतो. कोणताही आकडा समोर आला की पहिल्यांदा विचारा: किलो ओल्याचा की कोरड्याचा? आणि लिटर मिथेनचे की बायोगॅसचे?

आता तुमची आठ जनावरं. मोठं जनावर चाऱ्यानुसार दिवसाला 10 ते 20 किलो शेण टाकतं, पण टाकलेलं सगळं हाताशी येत नाही. 12 किलो धरले तर रोज सुमारे 100 किलो, म्हणजे 4 घनमीटर गॅस. एका घनमीटर बायोगॅसमध्ये साधारण 21 मेगाज्यूल, म्हणजे 6 युनिट उष्णता असते. तुमची रोजची उष्णता झाली 24 युनिट. ऐकायला हा आकडा छान वाटतो. पण लहान गॅस इंजिन आणि जनरेटर मिळून यातला 20 ते 25 टक्के भागच विजेत बदलतात, बाकीची उष्णता धुराड्यातून आणि थंड करणाऱ्या पाण्यातून निघून जाते. हातात येते 5 ते 6 युनिट वीज. पाच अश्वशक्तीची मोटर तासाला सुमारे साडेचार युनिट ओढते. म्हणजे दिवसभराचा सगळा गॅस जाळून मोटर सव्वा तास चालेल, आणि घराला व गोठ्याला काहीच उरणार नाही.

हाच गॅस थेट शेगडीत जाळला तर चित्र पालटतं. उष्णतेच्या हिशेबाने एक घनमीटर बायोगॅस जवळजवळ 450 ग्रॅम एलपीजीच्या तोडीचा आहे. पाच-सहा जणांच्या स्वयंपाकाला रोज दोन घनमीटरच्या आसपास पुरतात. उरलेल्या दोन घनमीटरमध्ये गोठ्यासाठी, दुधाची भांडी धुण्यासाठी, आंघोळीसाठी पाणी तापवता येतं. म्हणून लहान शेतीवर मी क्रम असा लावतो: आधी उष्णता, मग इंजिनाचा थेट वापर, आणि वीज सगळ्यात शेवटी. विजेचा विचार मी तिथेच करतो जिथे इंजिनाची वाया जाणारी उष्णताही वापरली जाते किंवा जिथे वीज दुसऱ्या कोणत्याही मार्गाने पोहोचत नाही.

तुमच्याकडे डिझेल इंजिनवर चालणारा पंप असेल तर एक मधला मार्ग आहे. डिझेल इंजिनात हवेबरोबर बायोगॅस सोडता येतो. मिथेन नुसत्या दाबाने सहज पेटत नाही, म्हणून ठिणगीचं काम करायला थोडं डिझेल लागतंच, पण नीट जुळवलेल्या इंजिनात डिझेलची 70 ते 80 टक्के बचत होऊ शकते. अशा इंजिनाला दर अश्वशक्तीला तासाला 0.4 घनमीटरपेक्षा थोडा जास्त गॅस लागतो. पाच अश्वशक्तीला दोन घनमीटर. म्हणजे स्वयंपाक सांभाळून उरलेल्या गॅसवर पंप रोज तासभर चालेल. रोज तासभर पाणी उपसून टाकीत किंवा तळ्यात साठवायची सोय असेल तर हा उपयोग खरा आहे. एकाच दिवशी आठ तास पंप चालवायची गरज असेल तर त्याचा उपयोग नाही, कारण इतका गॅस साठवायला जागाच नसते.

आता सिलिंडरचा प्रश्न. इथे मला अगदी स्पष्ट बोलायचंय, कारण हा जिवाचा प्रश्न आहे. घरगुती एलपीजी सिलिंडरमध्ये बायोगॅस भरू नका. एलपीजी थोड्याशा दाबाने द्रवरूप होतो, म्हणून लहान सिलिंडरमध्ये महिनाभराचा साठा मावतो. मिथेनचं तसं नाही. तो उणे 82 अंश सेल्सिअसच्या वर कितीही दाबला तरी द्रव होत नाही. वाहनात भरतात तो गॅस 200 बारच्या आसपास दाबलेला असतो आणि त्याच्या टाक्या त्या दाबासाठी वेगळ्या बनवलेल्या असतात. त्याआधी बायोगॅसमधला कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि हायड्रोजन सल्फाइड काढावा लागतो, नाहीतर दाबाखालचा ओला आम्ल वायू टाकीचं लोखंड आतून खातो. हे शुद्धीकरण मोठ्या प्रकल्पाला परवडतं. आठ जनावरांच्या गोठ्यावर गॅस ज्या दिवशी तयार होतो त्याच दिवशी वापरायचा, असंच नियोजन करावं लागतं.

पुढे येतो भाजीपाला. पानं, सडकी फळं, मऊ खोडं हे सगळं डायजेस्टरला मानवतं. त्यात कोरडा भाग जेमतेम 10 टक्के असतो, पण तो जवळजवळ सगळा पचतो. दहा किलो भाजीपाल्यातून अर्धा घनमीटर किंवा थोडा जास्त गॅस निघतो, म्हणजे वजनाला शेणापेक्षा चांगला. अडचण वेगळीच आहे. डायजेस्टर हे जनावराचं पोट समजा. त्याला जे खायला घालाल ते ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मापाने आणि हळूहळू बदलत घालावं लागतं. आत दोन प्रकारचे जिवाणू काम करतात. एक गट अन्नाचं आम्लात रूपांतर करतो, दुसरा त्या आम्लापासून मिथेन बनवतो. पहिला गट झपाट्याने वाढतो, दुसरा अतिशय सावकाश. तुम्ही एका दिवशी दोन क्विंटल सडके टोमॅटो ओतले की आम्ल तयार होतं ढीगभर, पण ते खाणारे जिवाणू तेवढेच राहतात. सामू (pH, आम्लतेचं माप) 6.8 ते 7.5 च्या दरम्यान हवा, तो साडेसहाच्या खाली घसरला की मिथेनवाले जिवाणू मंदावतात, त्यामुळे आम्ल आणखी साचतं आणि टाकी आंबते.

आंबलेली टाकी ओळखायची खूण सोपी आहे. गॅस येतो, कधी कधी नेहमीपेक्षा जास्तच येतो, पण शेगडीवर नीट जळत नाही, ज्योत उडते किंवा विझते. कारण त्यात कार्बन डायऑक्साइडच जास्त झालेला असतो. स्लरीला, म्हणजे टाकीतून पचून बाहेर येणाऱ्या पातळ शेणाला, आंबूस उग्र वास येतो. अशा वेळी लोक घाबरून आणखी शेण ओततात. त्याऐवजी काही दिवस खाद्य पूर्ण थांबवा, सामू रोज कागदी पट्टीने पाहा, आणि चालू असलेल्या दुसऱ्या प्लांटची पिकलेली स्लरी मिळाली तर तीच मिसळा. सामू वर आला की खाद्य निम्म्या मापाने सुरू करा. भाजीपाल्यासाठी माझा नियम असा की सुरुवात शेणाच्या वजनाच्या पाच टक्क्यांनी करायची आणि दर आठवड्याला थोडं वाढवायचं. हंगामात एकदम येणारा ढीग हवाबंद खड्ड्यात मुरघासासारखा दाबून ठेवता येतो आणि रोज मापाने काढून वापरता येतो.

आता काड. प्रश्नाचा सगळ्यात अवघड भाग हाच आहे, आणि विक्रेत्याचं ‘सगळं एकाच टाकीत’ हे म्हणणं इथेच फसतं.

काडात सेंद्रिय पदार्थ भरपूर आहे हे खरं. पण त्यातल्या पचणाऱ्या भागाभोवती लिग्निनचं कवच असतं. लिग्निन म्हणजे लाकडाला ताठपणा देणारा घटक, आणि हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंना तो जवळजवळ पचतच नाही. दुसरं म्हणजे कर्ब आणि नत्राचं प्रमाण. जिवाणूंना ते 20 ते 30 ला एक असं लागतं. शेण त्याच पट्ट्यात बसतं. गव्हाच्या काडात ते 80 ते 100 च्या घरात असतं, कोंबड्यांच्या विष्ठेत उलट 10 च्या आसपास. म्हणून नुसतं काड घातलं तर जिवाणूंना नत्र कमी पडतं, आणि नुसती कोंबडीची विष्ठा घातली तर अमोनिया साचून तेच जिवाणू गुदमरतात. तुमच्याजवळ एखादी पोल्ट्री असेल तर काड, शेण आणि थोडी विष्ठा यांचं मिश्रण चांगलं जमू शकतं.

तिसरी अडचण अगदी साधी, पण सगळ्यात जास्त प्लांट तिनेच बंद पाडलेले मी पाहतो: काड तरंगतं. ढवळण्याची सोय नसलेल्या साध्या घरगुती टाकीत ते वर येऊन गोळा होतं, त्याची जाड, कडक साय बनते, खालचा गॅस वर यायला वाट राहत नाही आणि शेवटी ती साय बाहेर काढायला टाकी रिकामी करावी लागते. रोज 100 किलो शेणात 5 किलो काड घातलं तर कागदावर गॅस पाव पटीने वाढायला हवा. ढवळणी असलेल्या टाकीत आणि एक-दोन सेंटिमीटरची कुट्टी करून, काही दिवस भिजवून घातलं तर तो बऱ्यापैकी वाढतोही. साध्या टाकीत मी काड घालू देत नाही. गव्हाणीत जनावरांनी उरवलेला चारा शेणाबरोबर आत जातो, तेवढा पुरे.

मग काडाचं काय करायचं? त्याचा मार्ग सुका आहे: जाळणं, गॅसिफायर किंवा कोळसा. आणि सुक्या मार्गावर ओलावा हाच पहिला शत्रू. 15 टक्के ओलावा असलेलं काड किलोला सुमारे साडेचौदा मेगाज्यूल उष्णता देतं. त्याच काडात 50 टक्के पाणी असेल तर साडेसात. निम्मं वजन तर पाणीच असतं, आणि ते पाणी उडवायलाही उरलेल्यातली उष्णता खर्ची पडते. म्हणून काड उन्हात वाळवून, पावसापासून झाकून ठेवणं हे कोणत्याही महागड्या भट्टीपेक्षा जास्त मोलाचं काम आहे.

एक टन सुकं काड म्हणजे जवळपास चार हजार युनिट उष्णता. शेणाच्या तुलनेत हा आकडा प्रचंड आहे, आणि म्हणूनच त्याचा मोह पडतो. पण त्याचे दोन त्रास आहेत. पहिला जागेचा. मोकळं काड घनमीटरला 50 किलोच्या आसपास भरतं, गठ्ठे बांधले तर 120 ते 150, आणि गोळ्या म्हणजे पेलेट केले तर 600 किलोच्या वर. मोकळं काड ट्रॉलीने लांब न्यायचं म्हणजे हवा वाहून नेण्यासारखं आहे, त्यात इंधनाचा खर्चच अंगावर येतो. दुसरा त्रास राखेचा. काडात पोटॅश आणि क्लोरीन जास्त असतं. त्यामुळे त्याची राख 800 ते 900 अंशांपासूनच मऊ होऊन चिकटायला लागते, जाळीवर तिचे कडक ढेकूळ बनतात आणि बॉयलरच्या नळ्या गंजतात. लाकडाची राख सहसा याहून बरंच जास्त तापमान सोसते. डेन्मार्कमध्ये काडावर चालणारी मोठी उष्णताकेंद्रं बऱ्याच वर्षांपासून आहेत. तिथे पावसाने धुतलेलं करडं पडलेलं काड ताज्या पिवळ्या काडापेक्षा इंधन म्हणून चांगलं मानतात, कारण पावसात पोटॅश आणि क्लोरीन धुऊन जमिनीत गेलेलं असतं. काड कापणीनंतर काही दिवस शेतात पडू द्यायचं आणि मग पुन्हा पूर्ण वाळवून उचलायचं, ही पद्धत लहान भट्टीलाही लागू पडते. भाताचा तूस असेल तर त्यात राखच 15 ते 20 टक्के, आणि ती बहुतेक सिलिका, म्हणून त्याची भट्टी वेगळ्या रचनेची लागते.

पऱ्हाट्या मात्र लाकडासारख्या आहेत आणि तुमच्या टाकाऊत इंधन म्हणून मला त्याच सगळ्यात चांगल्या वाटतात. त्या शेतात कुजायला वेळ लागतो, आणि त्यांच्यावर राहिलेल्या बोंडांमध्ये गुलाबी बोंडअळी दडून राहते, म्हणून त्या शेताबाहेर काढणं तसंही हिताचंच. तुकडे करून वाळवल्या तर साध्या सुधारित भट्टीत उत्तम जळतात. ब्रिकेट (दाबून बनवलेल्या इंधनाच्या विटा) करणारा कारखाना जवळ असेल तर त्याला देता येतात.

गॅसिफायरबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पुढे कोणीतरी सुचवेलच म्हणून सांगतो. त्यात कमी हवेत इंधन जाळून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन असलेला गॅस बनवतात. त्यात जवळपास निम्मा भाग नायट्रोजन असतो, म्हणून तो घनमीटरला फक्त 4 ते 6 मेगाज्यूल देतो. पऱ्हाटीसारख्या लाकडी इंधनाचे सव्वा ते दीड किलो जाळले की एक युनिट वीज मिळते, म्हणजे शेणापेक्षा विजेसाठी हा मार्ग सरस दिसतो. पण त्या गॅसमध्ये डांबर असतं. ते गाळणीत, नळ्यांत आणि इंजिनाच्या झडपांवर बसतं. इंधनाचे तुकडे एका मापाचे आणि 20 टक्क्यांपेक्षा कमी ओलाव्याचे लागतात, काडासारखा हलका माल आत अडकून पूल बनवतो आणि खाली सरकत नाही. गॅस धुतलेलं पाणी विषारी असतं, ते कुठेही सोडता येत नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. रोज त्यासाठीच हजर असणारा शिकलेला माणूस नसेल तर एकट्या शेतकऱ्याने यात पडू नये, असं माझं ठाम मत आहे. गिरणी किंवा शीतगृह चालवणाऱ्या गटाला ते जमू शकतं.

आणि सगळंच काड जाळायचं का, हाही प्रश्न आहे. जाळल्यावर कर्ब आणि नत्र जवळजवळ पूर्ण हवेत जातं, राखेत राहतं ते पोटॅश, चुना आणि थोडं स्फुरद. डायजेस्टरमध्ये तसं होत नाही. तिथे कर्बाचा काही भाग गॅस होऊन जातो, पण नत्र, स्फुरद, पोटॅश स्लरीत शिल्लक राहतं. तुमची जमीन हलकी असेल, सेंद्रिय कर्ब कमी असेल, तर काडाचा मोठा हिस्सा जमिनीवर आच्छादन म्हणून राहायला हवा. तो टाकाऊ आहे असं मी म्हणणारच नाही. शेंगवर्गीय पिकांचा पाला तर कधीच जाळू नये, तो जमिनीचाच. माती परीक्षण करून मगच किती काड उचलायचं ते ठरवा.

स्लरीबद्दल दोन गोष्टी, कारण प्लांटचा निम्मा फायदा त्यात आहे आणि विक्रेते त्याबद्दल बोलतच नाहीत. पचताना शेणातल्या नत्राचा मोठा भाग अमोनियमच्या रूपात येतो. पिकाला तो लगेच मिळतो, पण उघड्यावर, उन्हात वाळत घातला तर तितक्याच लगेच अमोनिया होऊन उडून जातो. बरेच जण स्लरी वाळवून पोत्यात भरतात आणि खत नीट लागत नाही म्हणतात. ती ओलीच, पाणी मिसळून, संध्याकाळी द्या आणि लगेच मातीत मिसळा. वाळवायचीच असेल तर काड किंवा पाला यांच्या थरांत शोषून घेऊन त्याचं कंपोस्ट करा. तुमच्याकडच्या काडाचा हा फार चांगला उपयोग आहे: काडाला नत्र मिळतं, स्लरीतलं नत्र टिकतं. तणांचं बी आणि रोगजंतू साध्या तापमानाच्या टाकीत कमी होतात, पण पूर्ण मरत नाहीत, म्हणून कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांवर ताजी स्लरी देऊ नका.

इथपर्यंतचं एकत्र मांडतो. शेण आणि मापाने भाजीपाला डायजेस्टरमध्ये, गॅस शेगडीला आणि पाणी तापवायला, जमल्यास थोडा पंपाला. पऱ्हाट्या भट्टीला. काड आधी जनावरांना, जमिनीला आणि कंपोस्टला, उरलं आणि उष्णतेची खरी गरज असेल, जसं धान्य किंवा मसाल्याचं पीक वाळवणं, तर भट्टीला. वीज या यादीत नाही.

आता प्लांटचा प्रकार. 100 किलो शेण आणि 100 लिटर पाणी, रोज 200 लिटर काला. उबदार हवेत तो 40 दिवस आत राहायला हवा, म्हणजे 8 घनमीटरची टाकी. थंडी जास्त असेल तर 55 दिवस, म्हणजे 11 घनमीटर. आतलं तापमान 35 ते 40 अंशांना जिवाणू सगळ्यात चांगलं काम करतात, 15 च्या खाली गॅस फार घटतो, 10 च्या आसपास जवळपास थांबतो. म्हणून थंड भागात टाकी जमिनीखाली आणि वरून काड-मातीने झाकलेली हवी. पाण्याची टंचाई असेल तर बाहेर येणाऱ्या स्लरीचं गाळलेलं पाणी पुन्हा शेणात मिसळता येतं, पण सगळंच तेच वापरू नका, क्षार आणि अमोनिया साचत जातो.

जमिनीखालच्या विटांच्या स्थिर घुमटाला हलणारे भाग नसतात आणि तो बरीच वर्षं टिकतो, पण गवंडी कसलेला हवा. घुमटाला केसाएवढी चीर असली तरी गॅस निसटतो. तरंगत्या टाकीच्या प्रकारात काल्यावर गॅसची टाकी वरखाली होते, त्यामुळे गॅस किती शिल्लक आहे ते डोळ्यांना दिसतं आणि दाब सारखा राहतो, पण लोखंडी असेल तर ती गंजते, दरवर्षी रंगवावी लागते. रबर किंवा प्लास्टिकची पिशवी स्वस्त आणि लवकर बसणारी, पण ऊन, उंदीर आणि जनावरांचे खूर यांपासून जपावी लागते. तुमच्या परिस्थितीत चांगला गवंडी मिळत असेल तर मी स्थिर घुमट सुचवेन. गळती ही फक्त तुमच्या तोट्याची बाब नाही. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 27 ते 30 पट उष्णता धरून ठेवतो, त्यामुळे गळका प्लांट चालवून पर्यावरणाचं भलं होत नाही. जास्तीचा गॅस हवेत सोडण्यापेक्षा जाळून टाका.

नळी शेगडीपर्यंत उताराने न्या आणि सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायचा नळ ठेवा. बायोगॅस ओला असतो, वाफ नळीत थंड होऊन पाणी साचतं. ‘गॅस अचानक बंद झाला’ म्हणून मला बोलावतात तेव्हा बरेचदा फक्त ते पाणी काढावं लागतं. इंजिन लावणार असाल तर गॅस लोखंडाच्या किसाने भरलेल्या गाळणीतून न्या, हायड्रोजन सल्फाइड तिथे अडकतो. वापरलेला किस बाहेर काढल्यावर हवेत आपोआप तापतो, तो ओला करून उघड्या जागी पसरायचा, वाळलेल्या काडाजवळ नाही.

आणि टाकीत कधीही, कोणत्याही कारणाने, माणूस उतरवू नका. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकाला तो वास कळेनासा होतो, आणि वास गेला म्हणजे वायू गेला असं वाटून माणूस आत जातो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा घटनांमध्ये एकाच घरातले दोन-तीन जण गेल्याचं पुन्हा पुन्हा घडलं आहे. साफसफाई प्रशिक्षित माणसांकडून, वायू मोजून आणि हवा खेळवूनच करून घ्या.

शेवटी, गॅस किती दिवसांत. पहिल्या भरणाला चालू प्लांटची पिकलेली स्लरी मिळाली, ती एकूण भरणाच्या दहावा हिस्सा जरी असली, तर उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत जळणारा गॅस येतो. ती नसेल तर महिना किंवा जास्त धरा. थंडीत सुरुवातच करू नका. टाकीत सुरुवातीला हवा असते, आणि हवेत 5 ते 15 टक्के मिथेन हे स्फोटक मिश्रण आहे, म्हणून पहिला एक-दोन वेळा भरलेला गॅस पेटवून न पाहता मोकळ्या हवेत, विस्तवापासून लांब सोडून द्या. त्यानंतर शेगडीवर निळी, स्थिर ज्योत आली की रोजचं खाद्य निम्म्या मापाने सुरू करा आणि दोन आठवड्यांत पूर्ण मापावर या.

ऑर्डर देण्याआधी एक आठवडा रोज सकाळी गोठ्यातलं शेण वजन करून लिहा, आणि घरात उष्णता, पंप आणि वीज कोणत्या वेळी किती लागते तेही शेजारी टिपा. हे आकडे, थंडीतलं सगळ्यात कमी तापमान आणि पाण्याची स्थिती कळवलीत तर टाकीचं नेमकं माप मी काढून देईन. विक्रेत्यालाही हेच आकडे द्या, आणि रोज किती घनमीटर गॅस मिळेल ते त्याच्याकडून लेखी घ्या.